जुन्या एक्सलचं काय करायचं

—अहो तिकडे नको, ताई, तिकडे तेल सांडलंय, घसराल. इकडून या. गाडी इकडे आहे. ते गोणपाटाखाली? काही नाही, भंगार. पाच वाजता भंगारवाला येतो टेम्पो घेऊन, त्याला द्यायचंय. हो, तुमचाच जुना एक्सल आहे, मी कुठे नाही म्हणतोय, पण त्यात आता बघायचं काय? लोखंड आहे. गंजलेलं, जाम झालेलं लोखंड. दात काढल्यावर डॉक्टर तो दात काय पुडीत बांधून देतात का? तुमच्या वडिलांनी दिला होता कधी कुणाला? — म्हणजे दातांचे डॉक्टर होते ना ते, तुम्हीच म्हणालात त्या दिवशी. नाही म्हणालात? मग कागदांवर असेल. गाडीच्या कागदांवर सगळं असतं. बरं, नसेल. कुणीतरी सांगितलं असेल, आता एवढं कोण लक्षात ठेवतो.

काम बघा आधी. वाका जरा, मी बॅटरी धरतो. आणि हळू बोलूया हं, वर वहिनी झोपल्यात, दुपारच्या पडतात थोडा वेळ. हा बघा नवा एक्सल. नवा म्हणजे काय, तुमच्या गाडीपेक्षा पंचवीस वर्षांनी तरुण. पुढून ठोकलेल्या एका गाडीचा, मागचं अंग शाबूत होतं. रुंदीला अर्ध्या बोटाचा फरक, तो मडगार्डखाली लपतो. स्प्रिंगच्या पाट्यांवर बसायच्या बैठका मात्र त्याच्या भलत्याच ठिकाणी, त्या कापल्या, तुमच्या पाट्यांच्या मापाला नव्याने वेल्ड केल्या — तीनदा माप घेतलं, तीनदा, कारण एकदा वेल्डिंग झालं की मग कपाळाला हात. गिअरबॉक्स त्याच गाडीचा. मधला हा लांब प्रॉपेलर शाफ्ट चार बोटं जास्त होता, लेथवाल्याकडून कापून आणला, बॅलन्स करून आणला. इंजिन तेवढं तुमचं जुनंच आहे. मागून पुढपर्यंत बाकी सगळा संसार बदलला. एक लक्षात ठेवा, वेगाचा काटा आता खोटं बोलणार. तो साठ दाखवेल तेव्हा गाडी सत्तरने असेल. आणि तिसऱ्यात जोर दिलात की जरासा घूं करून आवाज येईल. येऊ दे. लोक येतात आणि म्हणतात, मिस्त्री, एवढा आवाज बंद करा. मी करत नाही. आवाज म्हणजे गाडीचं तोंड, ते दाबू नये. बोलत असते तोवर गाडी आपली असते. मी कुणाचं तोंड दाबत नाही आता.

आता म्हणजे? आता म्हणजे आता. म्हातारपणी.

जुनाच दुरुस्त झाला नसता का? हे तुम्ही त्या दिवशीही विचारलंत. नसता झाला. एकतीस वर्षं शेडमध्ये उभी गाडी, मागची चाकं जाम, आत काय काय गंजलं असेल. नवे भाग मिळत नाहीत त्याचे. हो, एखाद्या ओळखीच्याकडे मिळालेही असते. म्हणजे शोधले असते तर. अहो, पण उघडायचा कशाला? आपल्याला गाडी चालायला हवी ना? चालतेय. सकाळी लोखंडी घोड्यांवरून उतरवली, दोन चकरा मारून आलो, लोण्यासारखी — नका ना उचलू ते गोणपाट. हात खराब होतील. ताई, ऐका जरा, मी तुमच्या वडिलांच्या वयाचा माणूस आहे.

बसा तुम्ही, पाणी देतो. तिथे नको. त्या खुर्चीत नको, ताई, स्टुलावर बसा. राग मानू नका, ती माझ्या दादाची खुर्ची आहे. जाऊन वीस वर्षं होतील आता त्याला, पण तिथे कुणी बसत नाही. मी बसत नाही. हे गॅरेज त्याचं. पाटीवर आज माझं नाव आहे, पण पहिला पाना त्याने धरला. आणि कान काय होता म्हणून सांगू! लांबून गाडी येताना ऐकायचा आणि हातातलं काम न सोडता म्हणायचा, हिच्या मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग चाललं. गाडी दारात यायची, उघडायचो, डावंच बेअरिंग. लोक पैज लावायचे आणि हरायचे. आमचा नियम होता, गाडी कुणीही जोडो, बाहेर पडायच्या आधी दादा तिच्यातून एक चक्कर मारणार, काचा वर करून, तोंडातून चकार शब्द न काढता. ऐकायचा फक्त. मग कार्डावर सही. ज्याची सही त्याचं काम — मग पाना कुणी का फिरवला असेना. मला तर तो ब्रेकच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. बत्तीस वर्षांचा घोडा झालो होतो मी, आणि ब्रेक घास, ऑइल बदल. डिफरन्शियल उघडू द्यायचा नाही. का तर म्हणे तुला घाई असते. होती घाई. खोटं कशाला बोलू.

डिफरन्शियल म्हणजे हो… आता कसं सांगू. तो जुना एक्सल आहे ना, त्याच्या मधोमध जो गोल फुगीर भाग दिसतोय — आता तुम्ही गोणपाट काढलंच आहे, तर बघा — त्याच्या आत दोन चाकं असतात दात्यांची. एक मोठं, क्राऊन. एक लहान, पिनियन. इंजिनाची ताकद पिनियनवर येते, पिनियन क्राऊनला फिरवतं, क्राऊन चाकांना. एवढंच. पण ती दोघं कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेली असतात. जोडी असते. दोघांच्या अंगावर एकच नंबर कोरलेला. दादाने पहिल्या दिवशी शिकवलेलं — तू उपाशी राहा, गिऱ्हाईक परत पाठव, पण जोडी फोडू नकोस. या क्राऊनला त्या गाडीचं पिनियन लावायचं नाही. लागतं ते, बसतं, फिरतंसुद्धा. पण दाता दात्याला नीट भिडत नाही, टोकावर टोक चढतं, आधी गाडी रडते आणि मग एक दिवस दाता मोडतो आणि मध्ये अडकतो. आणि चाकं जागच्या जागी —

पाणी घ्या ना. माठातलं आहे, गार आहे.

ते काय काढलंत पर्समधून?

कुठे मिळालं हे? गाडीतच? पुढच्या खणात? मी तो खण बघितला होता. कागदाच्या खाली, अस्तरात… अच्छा. एकतीस वर्षं अस्तरात. आमचंच कार्ड आहे. पिवळी कार्डं असायची आमची तेव्हा, हो. खाली सही दादाची. आणि वरचं अक्षर —

म्हणजे तुम्हाला पत्ता इथून मिळाला. म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हाला ठाऊक होतं कुठे आलाय ते. आणि मी आपला, कुणाची गाडी, कुठून आणली, असं वेड पांघरून पेडगावला चाललो होतो. शहाणा मी. अहो, ट्रकवरून ती गाडी दारात उतरली ना, तेव्हाच मी ओळखली. रंग उडालाय, पण मागचा बंपर मीच सरळ केला होता कधीतरी, माझी ठोकणी मी विसरेन? आणि मग तुम्ही उतरलात. भुवईवर ती खूण. पाच वर्षांची पोर मागच्या सीटवर होती, भुवईला टाके पडलेत, असं वर्तमानपत्रात आलं होतं. आईबद्दलही आलं होतं. आईबद्दल आधी आलं होतं.

मी म्हटलं तुम्हाला, अख्खं मागचं बदलू, गिअरबॉक्सपासून बदलू, त्याशिवाय चालायची नाही. खोटं होतं ते, ताई. नवी जोडी शोधून घातली असती, तुमची गाडी तुमच्या एक्सलवर उभी राहिली असती. पण मग तो उघडावा लागला असता. तुमच्यासमोर नाही तर कुणातरी पोराटोरासमोर, लेथवाल्यासमोर. म्हणून सगळंच बदललं. एवढं कापलं, जोडलं, वेल्डिंग केलं, ते एक झाकण उघडायला लागू नये म्हणून. लोकांना वाटलं मिस्त्रीला उतारवयात हौस आली.

दादा नव्हता इथे. काय ते ऐका आता, मध्ये बोलू नका, मध्ये बोललात तर मी थांबेन. दादा तीन दिवस बाहेरगावी होता, त्याच्या सासऱ्यांचं आजारपण. तुमचे वडील गाडी घेऊन आले. मागून आवाज येतो म्हणाले, आणि शनिवारी सहकुटुंब जायचंय, बायकोच्या माहेरी. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दादा आला की बघू. मी म्हणालो, होईल. मला दाखवायचं होतं त्याला. तो येईपर्यंत काम संपवून, हात धुवून, असा उभा राहणार होतो मी दारात. उघडलं. क्राऊनचे दोन दाते उडालेले. पिनियन चांगलं. मागे एक मोडीत काढलेली गाडी पडली होती, त्याच बनावटीची, तिचा उघडला, तर तिचं पिनियन गंजाने खाल्लेलं, आणि क्राऊन असं चकचकीत. आता तुम्हीच सांगा. एकाचं हे चांगलं, दुसऱ्याचं ते चांगलं. माणसाला काय सुचेल? मी नंबर बघितले. बघितले नाहीत असं नाही, बघितले, वेगळे होते, आणि मी त्यांच्यावर ग्रीस फासलं आणि जोडलं.

रडायला लागली गाडी. चाळीसला गेली की असा हंबरडा. पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं, पुन्हा रडली. शुक्रवार दुपार झाली. दादा संध्याकाळी यायचा होता. आणि आमच्या धंद्यात एक जुनी चोरी आहे, गाडी विकणारे करतात — तेलात लाकडाचा भुसा घालायचा. दात्यांमध्ये गादी बसल्यासारखी बसते, आवाज बंद. महिनाभर बंद. शेजारी सुतार होता. त्याच्याकडून पसाभर भुसा आणला, वर गेलो, वहिनी कपडे वाळत घालत होत्या, त्यांची पिठाची चाळण उचलली, खाली येऊन भुसा चाळला. मैद्यासारखा बारीक केला. तेलात कालवला आणि भरला. चाळणीला तेलाचा वास लागला म्हणून ती गटारात टाकून दिली. वहिनी सहा महिने ती चाळण शोधत होत्या. शेजारणीशी भांडल्या त्यावरून, अबोला धरला, तो शेजारीण मरेपर्यंत टिकला. एवढीशी चाळण.

संध्याकाळी दादा आला. बॅगही खाली ठेवली नाही, गाडीत बसला. काचा वर केल्या. मी शेजारी. चाळीस, पन्नास, साठ. काही नाही. तो माझ्याकडे बघून हसला, ताई. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, नवी जोडी घातलीस? कुठून मिळवलीस? मी म्हटलं, मिळवली. कार्ड मी लिहिलं, तेच हे. हे वरचं अक्षर माझं आहे. खाली सही त्याची.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गाडीत होतात, मी नव्हतो. तिसऱ्या आठवड्यात, टेकडीच्या उतारावर, मागची दोन्ही चाकं एकदम जाम. गाडी ओढून इथे आणली, अपघात तपासायला साहेब आले, गाडी जॅकवर चढवली, चाक फिरतंय का बघितलं, फिरेना. त्यांनी विचारलं, उघडून बघायचं का? दादा म्हणाला, कशाला? मागचं काम आमच्याकडे झालंय, गाडी मी ऐकलीय, सही माझी आहे. मी तिथे उभा होतो. आत्ता तुम्ही उभ्या आहात तिथे. माझ्या हातात बोळा होता, मी हात पुसत होतो. स्वच्छ झालेले हात पुसत होतो. नुसतं 'दादा थांब' म्हणायचं होतं.

सहा महिने आत होता. बाहेर आला आणि पान्याला हात लावला नाही. या खुर्चीत बसायचा, रस्त्याकडे तोंड करून. गाड्या जायच्या-यायच्या. मी गंमत म्हणून विचारायचो, दादा, ही कशी वाटतेय? तो म्हणायचा, मला काय कळतं. अकरा वर्षं. मला काय कळतं. त्याला वाटलं त्याचा कान फुटका निघाला. एका बाईचा जीव गेला आणि आपल्याला साधा आवाज ऐकू आला नाही, असं मनात धरून बसला तो. जन्मठेप बरी त्यापेक्षा. आणि वहिनी बाजारात गेल्या की बायका कोपराने ढोसायच्या एकमेकींना — ती बघ, त्याची बायको. पुढे पुढे त्यांनी जाणंच सोडलं. आजही भाजी मी आणून देतो. वर दोन वेळा विचारतो, वहिनी, काही हवं का. लोक म्हणतात, दीर असावा तर असा.

दादाला? नव्हतं माहीत. म्हणजे… मला वाटत होतं नाही माहीत. जायच्या आदल्या वर्षी, असाच दुपारचा, मी त्याला चहा आणून दिला. कप हातात घेतला, रस्त्याकडेच बघत होता. म्हणाला, "भुसा चाळून घातला होतास का रे?" त्याने चहाचा घोट घेतला. पुन्हा म्हणाला, "का तसाच घातलास?" मी म्हटलं, चाळून. तर म्हणाला, "मग बरोबर. तरीच मला ऐकू आलं नाही." बस्. एवढंच. शिवी नाही, हात उगारला नाही. कप रिकामा करून दिला माझ्या हातात. दहा वर्षं तो डोक्यात तीच गाडी चालवत होता, ताई, काचा वर करून, आणि शेवटी त्याला सापडलं काय ते. आणि त्याचा चेहरा… मोकळा झाला. त्याला माझा राग यायला हवा होता. त्याला आनंद झाला, कान शाबूत होता म्हणून.

मी रडत नाहीये. पेट्रोलचा वास चढतो डोळ्यांना.

आता हे काय? पेन कशाला? कार्डाच्या मागे… नको. अहो, बोललो ना मी, सगळं बोललो, आता लिहून कशाला? हात तेलाचे आहेत, कार्डाला डाग पडेल, एवढं जपलंय तुम्ही. असं करा. तुम्ही गाडी घेऊन एक चक्कर मारून या. लांब जा, टेकडीपर्यंत जा, गाडी कशी चालते बघा. सहा वाजता या. तोवर मी हात धुतो, नीट बसून लिहून ठेवतो, चांगल्या अक्षरात. सहाला. आधी नको.

काय? हो… पाचला. भंगारवाला पाचला येतो. मीच म्हणालो होतो का?

लक्षात आहे तुमच्या.

माझं ऐका. तुम्हाला काय मिळणार त्यातून? आई मिळणार आहे का? दादा गेला, तुमचे वडील गेले, मी आज आहे, उद्या नाही. पण वर एक म्हातारी आहे, बहात्तर वर्षांची, तिच्या पानात मी रोज वाढतो. तिला काय सांगू? की तुमचं सगळं आयुष्य ज्यापायी असं गेलं, तो रोज तुमची भाजी आणतो? आणि कळलं तर ती मला काही म्हणणार नाही हो, तेच तर आहे, ती फक्त जेवायची बंद होईल. — कुठे चाललात? नाही नाही, तिथे नाही. ताई, तिथे बसू नका. उठा. मी सांगितलं ना, त्या खुर्चीत कुणी बसत नाही. अहो उठा, हात जोडतो.

बघा, ऐकलात? कोपऱ्यावर आलाय तो. फुटक्या पिपाणीसारखा हॉर्न आहे त्याचा. आता येईल, मागचं फळकं पाडेल, दोन माणसं उतरतील, एक या टोकाला धरेल, एक त्या टोकाला, आणि अर्ध्या मिनिटात… अशा बघू नका माझ्याकडे. तुमची आई अशीच बघायची का? नाही, मला काय माहीत. मी तिला बघितलंच नाही कधी. शनिवारी सकाळी तुमचे वडील एकटेच गाडी न्यायला आले होते. तिळाएवढाही संशय नव्हता त्यांच्या तोंडावर. थँक्यू म्हणाले. मला.

थांब रे! आत घेऊ नकोस टेम्पो! — नाही, आज काही नाही! तो? तो नाही द्यायचा! कालचं काल, आज नाही म्हणतोय ना! अरे मालक कोण आहे इथला? तो इथेच राहणार आहे, कुणाला देणार नाही, जा तू! जा म्हटलं ना!

गेला.

कोण? — काही नाही वहिनी, झोपा तुम्ही. भंगारवाला आला होता, त्याच्यावर ओरडलो जरा. काही नाही.

नाही. वहिनी, जरा खाली या. कठडा धरून या, हळू. नाही, कुणाला काही झालं नाही — या तर खरं. इथे एक ताई आल्यात, दादाच्या खुर्चीत बसल्यात, त्यांना मीच… वहिनी, तुमची ती पिठाची चाळण. ती शेजारणीने नव्हती नेली. मी नेली होती.